उसनी कॅसेट

मुलांनो, 'निवडक' हा शब्द तुम्ही कुठे कुठे वाचलाय? निवडक कथा, निवडक निबंध, निवडक बालगीतं... ('निवडक प्रश्नसंच' आत्ता नको, सुट्टीच्या दिवशी कशाला तुमचं तोंड कडू करू!) निवडक म्हणजे काय, तर आपल्याआधी कुणीतरी ढीगभर वाचलेलं किंवा ऐकलेलं असतं. त्यातलं जे चांगलं वाटलं ते तो बाजूला काढतो आणि आपल्यापुढे ठेवतो. आई सुपात तांदूळ निवडते ना, तसंच. फक्त इथे दाणा कुठला आणि खडा कुठला, हे निवडणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्याने फेकलेल्या खड्यांत एखादा मोती होता की काय, ते आपल्याला कधी कळत नाही.

गाण्यांचंही तसंच. आता तुमच्या घरच्या मोबाइलवर बोट लावलं की जगातलं हवं ते गाणं वाजतं. माझ्या लहानपणी कॅसेट असायची. एका गायकाची किंवा एका वाद्यवृंदाची चार-सहा कॅसेटींतली गाजलेली गाणी वेचून एक वेगळी कॅसेट काढायचे. आज अशाच एका कॅसेटची गोष्ट सांगते. ती माझी नव्हती. उसनी आणलेली होती, तीही जेमतेम अडीच महिन्यांसाठी.

आमचं गाव चौल. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात ना, तेच. आमच्या किनाऱ्याला परकं जे काही आलं ते बहुतेक समुद्रातून आलं. पोर्तुगीज आले, किल्ले बांधून गेले. पण खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही काही घरांतून पोर्तुगीज मिसळलेली बोली ऐकू येते. आणि आमच्याकडची मुलं उलट दिशेने जातात, बोटीवर. 'बोटीवर' म्हणजे मासेमारीच्या होडीवर नव्हे बरं का, मोठमोठ्या मालवाहू जहाजांवर नोकरीला. सात-आठ महिने पाण्यावर आणि दोन-तीन महिने घरी.

माझा आतेभाऊ असाच बोटीवर होता. आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणायचो. २००१ च्या जूनमध्ये तो घरी आला तेव्हा मी नुकतीच आठवीत गेले होते. त्याच्या बॅगेतून साबण निघाले, चॉकलेटं निघाली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या कॅसेटी निघाल्या. एकीवर चार माणसांचे चेहरे होते आणि नाव होतं 'क्वीन'. म्हणजे राणी. चारही बाप्ये आणि नाव राणी! मला ते इतकं मजेशीर वाटलं, की मी तीच कॅसेट हातात धरून बसले.

"ने," दादा म्हणाला. "पण माझ्या तीन अटी. पावसात बाहेर काढायची नाही. मी गणपतीनंतर जाईन तेव्हा परत द्यायची. आणि आवडलं नाही म्हणून एकही गाणं पुढे पळवायचं नाही."

पहिल्या दोन अटी मला कळल्या. आमच्याकडच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही आणि कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. तिसरी अट मात्र जाचक वाटली.

कॅसेटचं पूर्ण नाव 'ग्रेटेस्ट हिट्स'. १९८१ साली निघालेली. दादाने ती इंग्लंडच्या एका बंदरात घेतली होती. तिच्यात १७ गाणी. इंग्लंडमध्ये आजवर सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम हाच, ७० लाखांहून जास्त प्रती! पण मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. 'रॉक' म्हणजे दगड एवढंच माहीत. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत 'रॉक अँड रोल' नावाचं नाचरं संगीत जन्मलं, पुढे त्यात विजेच्या गिटारी आणि दणदणीत ड्रम वाढत गेले आणि त्याचं नुसतं 'रॉक' झालं, हे सगळं नंतर समजलं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. म्हणजे माझ्या गाठीला तीन वर्षांचं इंग्रजी! गाण्यांचे शब्द कुठले कळणार? मग मी वहीत प्रत्येक गाण्याला माझं मराठी नाव दिलं. एक 'घंट्यांचं', कारण त्यात मधेच खऱ्याखुऱ्या सायकलच्या घंट्या वाजतात. एक 'पायांचं'. एक 'चालत आलेलं', कारण त्यात कुणीतरी दबकत दबकत चालल्यासारखा मोठ्या तारेचा ठेका आहे. एका गाण्याच्या नावात सात समुद्र होते, त्याचं नाव 'दादाचं'.

आणि पहिलंच गाणं होतं ते 'तुकड्यांचं'. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. सुरुवातीला नुसते गळे, मग पियानोवर एक दुःखी गाणं, मग एकदम नाटकातल्यासारखी सवाल-जवाबाची धमाल, मग दाणदाण गिटार आणि शेवटी पुन्हा शांत. धृपद म्हणून काही नाहीच! मधल्या गोंधळात एक अरबी शब्द येतो. तो माझ्या वर्गातल्या मुसलमान मैत्रिणीने चटकन ओळखला, कारण कुठलंही चांगलं काम सुरू करताना तिच्या घरी तोच म्हणतात. पहिल्या दिवशी मला ते गाणं मुळीच आवडलं नाही. पण पुढे पळवायचं नव्हतं ना! पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्या मधल्या धमालीची वाट बघायला लागले. पंधराव्या दिवशी ते संपलं की मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. माझं तर स्पष्ट मत आहे, की आजच्या मोबाइलवरचं ते 'पुढे' जाण्याचं बटण तुमची अर्धी गाणी खाऊन टाकतं.

हे गाणं १९७५ चं. मधल्या नाटकी भागात दोन-तीनशे माणसांचा मेळा गातोय असं वाटतं. प्रत्यक्षात तिघंच गातात! एकदा गायचं, फितीवर घ्यायचं, ते वाजत असताना त्यावर पुन्हा गायचं, असे थरावर थर. तीन आठवडे, दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास. काही ठिकाणी १८० थर चढले म्हणतात. ती फीत यंत्रातून इतक्यांदा फिरली, की तिच्यावरचा तपकिरी लेप झिजला आणि उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसायला लागलं.

घरी या सगळ्याचं काय झालं असेल? आजी म्हणायची, "कुणाला मारतायत काय गो ते?" शेजारी मुंबईहून एक मुलगा आला होता, इंग्रजी शाळेतला. तो मला म्हणाला, "तू मराठी मीडियमची. तुला काय कळतंय यातलं?" हे मात्र मला फार लागलं. खरंच होतं ना ते! मला कळत नव्हतंच. मग मी कुणाचं गाणं ऐकत होते? मी दादाकडे जाऊन कॅसेट परत द्यायला लागले, तर त्याने हातच पुढे केला नाही. "भजनातले सगळे अभंग तुला कळतात?" त्याने विचारलं. "नाही." "मग मामाचा पखवाज सुरू झाला की ओटीवर येऊन का बसतेस?"

मामा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांनी कॅसेटबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. पण टू-इन-वन सुरू झाला की ते उठून वाडीत जायचे, तेच पुरेसं होतं.

श्रावणातली संध्याकाळ होती. धो धो पाऊस, त्यामुळे वाडीत जायची सोय नव्हती. दिवे गेलेले. मी सेलवर टेप लावला होता. आबा कंदिलाच्या उजेडात सुपाऱ्या सोलत बसले होते. दुसऱ्या बाजूचं 'समबडी टू लव्ह' लागलं. त्यात मुख्य गाणारा एक ओळ म्हणतो आणि मागून भला मोठा मेळा ती उचलतो, परत सोडतो, पुन्हा उचलतो. मेळा खाली खाली येत कुजबुजीइतका बारीक होतो आणि तिथून पुन्हा चढत जातो. आबांचा हात थांबला.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "बुवा एक. आणि झील किती जणांची गो ही?"

झील म्हणजे माहीत आहे ना? भजनात बुवांनी ओळ म्हटली की मागचे सगळे ती उचलून धरतात, ती झील. ती ढिली पडली तर केवढाही गाणारा बुवा एकटा पडतो. मी म्हटलं, "तिघांची." आबा हसायलाच लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला गाठून खात्री करून घेतली. एकावर एक थर देण्याची युक्ती दादाने समजावून सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तिघांनी अख्खं मंडळ उभं केलं की रे!" पुढे गणपतीपर्यंत अधूनमधून ओटीवरून हाक यायची, "तुझं ते झीलवालं लाव." त्यांनाही शब्द एक कळत नव्हता. मुंबईच्या मुलाला द्यायचं उत्तर मला तिथे मिळालं. ते मी त्याला दिलं नाही, तोवर तो परत गेला होता.

आता 'पायांचं' गाणं. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, क्रिकेटच्या सामन्यात, कबड्डीच्या सामन्यात. धप्-धप्-टाळी, धप्-धप्-टाळी! 'वी विल रॉक यू', १९७७. हे गाणं ब्रायन मे या गिटारवाल्याने रचलं. त्या वर्षी एका कार्यक्रमाच्या शेवटी हजारो प्रेक्षक आपणहून गाऊ लागले. मे यांच्या मनात आलं, लोक एवढे मनापासून साथ देतायत, तर त्यांच्यासाठीच गाणं करूया. पण गच्च गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला करता काय येतं? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते आणि गाता येतं. बस्स, त्यातूनच गाणं झालं. नीट ऐका, त्यात ड्रम नाहीतच! चर्चच्या जुन्या इमारतीतल्या एका स्टुडिओत त्यांना लाकडी फळ्या सापडल्या. त्यांवर सगळ्यांनी पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, आणि तेच पुन्हा पुन्हा एकावर एक चढवलं. मे पदार्थविज्ञान शिकलेले. दूरवर उभ्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत किंचित उशिरा पोचतो, तसा थोडाथोडा उशीर त्यांनी प्रत्येक थराला हिशेबाने दिला. म्हणून मूठभर माणसांची फौज वाटते.

मला या गाण्यात आमचा जाखडी नाच दिसायचा. गौरी-गणपतीत आमच्या दक्षिणेकडे आणि रत्नागिरीत पायात चाळ बांधून, गोल धरून, जमीन दणाणून सोडतात तो. नाचायचे मुलगेच. मुलींनी पडवीतून बघायचं. आता मी चौथीच्या वर्गाला शिकवते तेव्हा पावसाळ्यात खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागतो. मग निम्मा वर्ग धप्-धप् करतो, निम्मा टाळी वाजवतो आणि आम्ही तेराचा पाढा म्हणतो. त्यात मुलीच जास्त जोरात पाय आपटतात. (शेजारच्या वर्गाच्या बाईंची मी आधीच परवानगी घेतलेली असते.)

एकदा दादा म्हणाला, "हा जो गाणारा आहे ना, फ्रेडी मर्क्युरी, तो पाचगणीला शिकलाय." आम्ही सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. बोटीवरच्या माणसांच्या गोष्टी थोड्या फुगलेल्या असतात, हे गावात सगळ्यांना माहीत. शिवाय आमची सहावीची सहल पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून प्रतापगड-महाबळेश्वर-पाचगणीलाच गेली होती. टेबललँडवरचे घोडे पाहिले, स्ट्रॉबेरी खाल्ली. कुणी काही बोललं नव्हतं!

पण दादाचं खरं होतं. त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंब, जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांजिबार बेटावर. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला बोटीने भारतात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. एवढंसं पोर, घर समुद्रापलीकडे. तिथे मित्रांनी त्याला 'फ्रेडी' म्हणायला सुरुवात केली. तिथेच तो पियानो शिकला आणि बारा वर्षांचा असताना पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता! फ्रेडी पियानो वाजवायचा आणि मागे झील धरायचा. पुढे १९६४ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १९७० मध्ये क्वीन सुरू झालं. २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्समुळे तो गेला, वय अवघं ४५. म्हणजे मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं होत आली होती. हे दादाने मला कॅसेट देताना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी कदाचित वेगळ्या कानांनी ऐकलं असतं.

आणि ब्रायन मे यांची गिटार! विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनने वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं आणि विणकामाची सुई. दोन वर्षं खपून केलेली ती गिटार त्यांनी जन्मभर वाजवली. तीच या कॅसेटमध्ये वाजते. आणि मधेच सोडलेला अभ्यास पुरा करून २००७ मध्ये, साठीला पोचताना, ते खगोलशास्त्रात पीएच.डी. झाले. सूर्यमालेतल्या धुळीवर.

गणपती गेले, दादा गेला, कॅसेटही गेली. बुरशी नाही, सुरकुती नाही, अटीप्रमाणे. माझ्याकडे उरली सतरा नावांची वही. पुढच्या वर्षी त्याने दुसरी कॅसेट आणली, त्यानंतर तिसरी. मी डी.एड.ला असताना कळलं, की आपल्या मुंबईतही १९८४ पासून रॉक मशीन नावाचा वाद्यवृंद होता आणि १९९३ मध्ये त्याने इंडस क्रीड असं नाव घेतलं. तेही शोधून ऐकलं. पण नवीन काही ऐकताना आजही मी आधी एकच बघते, मागची झील कशी आहे!

शिक्षण सेवक म्हणून पहिलं मानधन हातात आलं, तेव्हा मी मांडव्याहून लाँचने गेटवेला गेले आणि तिथून चालत काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये. (२०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. अजून चुटपुट लागते.) तिथे 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या अल्बमची सीडी घेतली. 'तुकड्यांचं' गाणं मुळात ज्या अल्बममधलं, तोच हा. घरी येऊन लावली आणि पाचवं गाणं लागलं तशी उठून बसले. नाव नुसतंच 'थर्टी नाइन'. हे दादाच्या कॅसेटवर नव्हतंच! मे यांनी स्वतः रचलेलं, स्वतःच गायलेलं. दणदणाट नाही, साधी गिटार, खलाशांच्या जुन्या गाण्यांसारखी चाल.

गोष्ट अशी, की काही माणसं नवी जमीन शोधायला जहाजातून निघतात. पण हे जहाज अंतराळातलं. ती परत येतात तेव्हा त्यांच्या हिशेबाने एकच वर्ष झालेलं असतं आणि पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. आइन्स्टाइनने सांगितलंय ना, प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मागे राहतं, त्यावरून. गेलेला माणूस तसाच तरुण आणि ज्यांना सोडून गेला ती माणसंच उरलेली नाहीत. क्वीनचं माझं सगळ्यांत लाडकं गाणं हेच आहे, निवडणाऱ्यांनी बाहेर ठेवलेलं.

दादा त्या वेळी आठ महिन्यांनी घरी आला होता. त्याचं लग्न झालं होतं, मुलगी सव्वा वर्षाची. तो गेला तेव्हा ती रांगतही नव्हती, आता पडवीभर धावत होती. त्याने उचलून घेतलं की भोकाड पसरून वहिनीकडे जायची. गावातले हसायचे, "बापाला ओळखत नाही गो पोर!" तोही हसायचा.

मी सीडी घेऊन गेले आणि त्याला म्हटलं, "दादा, हे तुझ्या कॅसेटवर नव्हतं." एवढी वर्षं क्वीन ऐकणाऱ्या दादाने ते कधीच ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा लावलं, त्याने मान डोलावली. मग शब्द नीट ऐकण्यासाठी पुन्हा लावायला सांगितलं. मुलगी उंबऱ्यात उभी राहून लांबूनच बघत होती. तिसऱ्यांदा मला सांगावं लागलं नाही, त्याने स्वतःच लावलं आणि संपेपर्यंत वाडीकडे तोंड करून उभा राहिला.

जाताना त्याने ती सीडी बॅगेत टाकली. "नेतो गो बोटीवर. आल्यावर देतो."

मी काहीच अटी घातल्या नाहीत. त्याने ती अजून परत दिलेली नाही.